शांतिसेनेची उधारी

जगात शांतता नांदावी, ही इच्छा कोणाची नसते? परंतु त्या शांततेचे देणे चुकते करण्याची वेळ आली, की भल्याभल्यांचा हात आखडतो. संयुक्त राष्ट्रांजवळ स्वतःचे सैन्य नाही. सैनिक भारत, नेपाळ, बांगलादेश यांसारख्या देशांनी द्यायचे आणि खर्च सर्व सभासदांनी ठरल्या हिश्श्याने सोसायचा, अशी व्यवस्था आहे. आमसभेने २०२२ मध्ये दर सैनिकामागे दरमहा १,४४८ डॉलर हा परतफेडीचा दर मुक्रर केला. ही रक्कम सैनिक धाडणाऱ्या सरकारला मिळते; तीही वर्गणी वसूल होईल तेव्हा!

हा रोग जुनाच आहे. काँगोत ५ डिसेंबर १९६१ रोजी आमचे कॅप्टन गुरबचनसिंग सालारिया धारातीर्थी पडले. त्याच मोहिमेचा खर्च देण्याचे सोव्हिएत रशिया व फ्रान्स यांनी नाकारले. हा खर्च संघटनेचाच होय, असा अभिप्राय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये दिला. तरी थकबाकी सरली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर पैशांअभावी सुमारे एक चतुर्थांश शांतिसैनिक कमी करण्याचे ठरले.

दोन वर्षांची वर्गणी थकली, तर आमसभेतील मत जाऊ शकते. सुरक्षा समितीतील नकाराधिकार मात्र शाबूत राहतो. मोहिमेच्या ठरावाला हात वर करणाऱ्या बड्या राष्ट्रांनी वर्गणीच्या वेळीही हात वर करावेत, हे त्यांना शोभत नाही. सैनिक देणाऱ्यांचे देणे सर्वांआधी फेडले जावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. रक्ताचे मोल पैशांत होत नाही. म्हणून पैसेही थकवावेत काय?