सा काळी दोन

पहाटे 5.15. म्हैसूर, नंजुमळिगे. वरच्या मजल्यावर दहा बाय दहाची खोली. अण्णा मांडी घालून बसलेत. पुढे तबला आणि डग्गा. डग्ग्यावर टॉवेल टाकलाय, कारण खाली घरमालक झोपलेले असतात. तासभर फक्त 'तिरकिट' आणि 'धिरधिर'. आधी सावकाश, मग दुप्पट. तर्जनीच्या कडेला घट्टा आहे, कातडी पिवळी पडलेली. वय 46. मूळचे बेळगावातल्या शहापूरचे. बायको म्हैसूरची, म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. बाहेर कानडी, घरी मराठी. आज संध्याकाळी चौघांचा ग्रुप कृष्णराजनगरला वाजवणार आहे. व्हायोलिन, सॅक्सोफोन, डबल बास आणि तबला. लग्नाचं रिसेप्शन आहे.

6.40. चहा. मग हातोडी. ग्रुपचा सा काळी दोन. हा सूर सॅक्सोफोननं ठरवलाय. आल्टो सॅक्सोफोनची घडणच त्या सुराची, तिथे बोटं सुखात चालतात. व्हायोलिनला अडचण नाही. कर्नाटकी पद्धतीत चारही तारा गायकाच्या सा-पला लावून घेतात. तबल्याला साडेपाच इंची तोंड घेतलं की झालं. अडचण बासची. त्याच्या चार तारा ठरलेल्या, आणि काळी दोनचा सा-प त्यातल्या एकाही मोकळ्या तारेवर येत नाही. प्रत्येक सा बास वाजवणाऱ्या पोराला बोटानं दाबून काढावा लागतो, दोन तास. "त्याची बोटं बघा की एकदा," अण्णा म्हणतात. "आमचे घट्टे काहीच नव्हेत."

तबल्याची सोळा घरं. एकेका घरावर टिचकी, कान खाली, गजऱ्यावर वरून एक ठोका, पुन्हा टिचकी. दोन घरं उतरलीत. एक गठ्ठा सरकवला. बाराएक मिनिटं गेली. शाईला एका कडेला बारीक चीर आहे. नवी पुडी बाराशे रुपये, बसवणावळ वेगळी. "हा सीझन काढेल," म्हणत त्यांनी तबला पिशवीत घातला. जोडीला दुसरा तबलाही घेतला. तो नेहमीच घेतात.

8.00. शिकवणी. चार मुलं, महिना आठशे रुपये प्रत्येकी. एकाची फी दोन महिने आली नाही. अण्णा मागत नाहीत, आणि मुलालाही परत पाठवत नाहीत.

10.30. देवराज मार्केटजवळ काम. पावडरचा डबा, चिकटपट्टी, नऊ व्होल्टची बॅटरी. बॅटरी बासच्या पिकअपसाठी. एकूण 310 रुपये. हा खर्च ग्रुपच्या वहीत जातो. वही अण्णांकडे असते. वाटेत राजवाडा दिसतो. इथे दोन बँड होते, एक कर्नाटकी आणि एक इंग्लिश. एकाच राजाच्या पगारावर, एकाच आवारात. इंग्लिश बँडला जर्मन बँडमास्तर होता, ऑटो श्मिट. नाल्वडी कृष्णराज वडेयर स्वतः वीणा, व्हायोलिन, मृदंग वाजवत, पियानो आणि सॅक्सोफोनही वाजवत. कावेरीच्या पुरानं जुनं येडतोरे खचलं आणि वरच्या बाजूला नवं गाव वसलं, ते त्यांच्याच नावानं. आज आम्ही तिथे जाणार आहोत.

दुपारी 1.30. तालीम, व्हायोलिनवाल्या अक्कांच्या घरी. अक्का शाळेत संगीत शिकवतात, आज अर्धी रजा. बासवाला पोरगा 27 वर्षांचा, रात्रपाळीची नोकरी करून चार तास झोपून आलाय. सॅक्सोफोनवाले काका सगळ्यात उशिरा आले. मंगळूरकडचे. पहाटे एका मुहूर्ताला वाजवून आलेत, सलग दोन तास उभ्यानं. खालचा ओठ सुजलाय. त्यांनी केसमधून तीन रीड काढल्या, उजेडात धरल्या, एक निवडली आणि तोंडात ठेवली. रीड ओली झाल्याशिवाय बोलत नाही. एक रीड तीनशेच्या आसपास. रोज वाजवली तर दोनतीन आठवडे.

2.00. वाचस्पती राग. मराठी कानाला सांगायचं तर यमनाच्या सुरांत निषाद कोमल. जाझवाले हेच सप्तक वेगळ्या नावानं वापरतात, त्यामुळे चौघांना सूर नवे नाहीत. भांडण दुसऱ्याच गोष्टीवर आहे. पोराला मधल्या भागात खालचा स्वर हलवायचाय. कॉर्ड बदलला की त्याच गंधाराचा रंग बदलतो, तेच तर त्याच्या संगीताचं सुख. अक्कांचं म्हणणं, सा हलला तर राग कशावर उभा राहील? अर्धा तास हे चाललं. आवाज चढले नाहीत, पण कॉफी निवली. शेवटी ठरलं : अक्का आलाप करतील तेव्हा बास गजानं एकच सा धरेल, तंबोऱ्यासारखा. काकांच्या पाळीत तो हवं तिथे जाईल. अक्कांच्या पहिल्या सुराला परत घरी.

मला हे फार मोलाचं वाटलं. दोन संगीतं एकत्र करतात म्हणजे काय करतात, हे मी आजवर भाषणांत ऐकत आलो होतो. इथे ते एका वाक्यात ठरलं : सा कोण धरणार आणि कधी.

2.45. ताल सात मात्रांचा. अक्का त्याला मिश्र चापू म्हणतात, अण्णा रूपक, पोरगा नुसतं सेव्हन. तीन-दोन-दोन. पोरगा पहिल्या मात्रेवर जोरात तार ओढायचा आणि सुरुवातीला अण्णा वैतागायचे. रूपकात समेवरच खाली असते; 'तीं तीं ना', डग्गा बंद. मग एक दिवस अण्णांच्या लक्षात आलं की डग्गा तिथे गप्प आहे म्हणूनच बासला जागा आहे. आता ती पहिली मात्रा बासची. "रिकामी होती की. कोणी राहायला आलं तर काय बिघडलं?"

4.00. गाडी भरायची. मारुती ईको, भाड्यानं, येऊन-जाऊन 3,500. रेल्वेनं गेलं तर चौघांचं भाडं चहाच्या पैशांत होतं. कृष्णराजनगरला स्टेशन आहे, हासनकडे जाणारी पॅसेंजर तिथे थांबते. पण बास डब्यात शिरत नाही. सहा फूट उंच, प्लायवूडचा, जुना घेतलेला. मधली सीट मोडून तो आडवा ठेवतात, मानेखाली उशी. पोरगा त्याच्या शेजारी अंग चोरून बसतो. तारांचा एक संच पंधरा हजारांच्या वर, म्हणून चार वर्षं त्याच तारा. तबल्याची पिशवी अण्णांच्या मांडीवर. ती ते डिकीत ठेवू देत नाहीत.

4.35. इलवाल गेलं. काका डोळे मिटून बसलेत, पण झोपलेले नाहीत. कद्री गोपालनाथांचा विषय निघाला की ते बोलतात. गोपालनाथांचे वडील नागस्वर वाजवायचे. मुलानं म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि तो त्याच्या मागे लागला. गमक त्या नळीतून काढायला त्यांना वीसएक वर्षं लागली. 1980 साली मुंबईच्या जाझ यात्रेत अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडीनं त्यांना ऐकलं आणि त्यांच्यासोबत वाजवलं. "आमच्या सगळ्यांचा तांदूळ त्या एका माणसानं शिजवला," काका कानडीत म्हणतात. गोपालनाथ 2019 मध्ये गेले.

अण्णांचा देव वेगळा. ओरेगन. सत्तरच्या दशकातला चौघांचा अमेरिकन ग्रुप : गिटार, ओबो, डबल बास आणि कॉलिन वॉलकॉटचा तबला-सतार. वॉलकॉट अल्लारखाँसाहेबांकडे शिकलेला. 1984 मध्ये दौऱ्यावर असताना मोटार अपघातात गेला. पुढे त्या जागी आले त्रिलोक गुर्टू, गायिका शोभा गुर्टूंचे चिरंजीव. आणि शोभाताई जन्मानं बेळगावच्या. हे सांगताना अण्णा ताठ बसतात.

5.20. कृष्णराजनगर. दोन्हीकडे भाताची शेतं, कापणी झालेली. राईस मिलचा भुसा हवेत. कल्याण मंटपाच्या दारात फुलांची कमान चढवणं चाललंय. स्टेज आमचं नाही. ते नवरा-नवरीचं आणि फोटोग्राफरचं. आम्हाला डाव्या बाजूला बारा बाय आठची जागा, आइस्क्रीमच्या काउंटरला लागून. बास उभा करायचा, त्याची पिन लादीवर सरकते. अण्णांनी पिशवीतून जुन्या टायरचा तुकडा काढला, त्याला मधे भोक पाडलेलं. पिन त्यात बसली.

6.00. साऊंडवाला आला. पाच हजार घेतो, स्पीकर त्याचे. तबल्याला एकच माइक देत होता. अण्णांनी हात जोडून दुसरा मागितला. मिळाला.

6.40. एसी सुरू झाला, आणि दिवसाचं खरं काम आता सुरू झालं. थंड हवेनं सॅक्सोफोनचा सूर उतरतो. कोरड्या हवेनं तबल्याची कातडी ताणते, सूर चढतो. सकाळी एकमेकांवर बसलेली दोन वाद्यं आता उलट दिशांना निघालीत. काका माउथपीस आत सारतात, नळीत गरम श्वास फुंकत राहतात. अण्णा गजऱ्याला खालून ठोके देत सूर उतरवतात. लाइट तापले की पुन्हा सगळं बदलणार. पिशवीतल्या दुसऱ्या तबल्याचं कारण हेच. कार्यक्रम होईपर्यंत हातोडी त्यांच्या उजव्या गुडघ्याशी होती. प्रत्येक गाणं संपलं की तीनचार ठोके. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

7.15. सुरुवात. पाहुण्यांची रांग स्टेजकडे. पहिला अर्धा तास ओळखीच्या चाली : एक दासरपद, एक जुनं कन्नड सिनेमागीत, एक हिंदी. यजमानांची तशी मागणी आहे आणि चौघंही ते मन लावून वाजवतात. अक्का सिनेमागीताला जी मींड घेतात, ती मैफलीतल्याइतकीच जपून घेतात.

8.05. वाचस्पती. बासचा गज तारेवर टेकला, सा लागला. अक्कांचा आलाप. रांगेतल्या लोकांच्या गप्पा चालूच. मग सात मात्रा सुरू. काका उठून उभे राहिले. सुजलेल्या ओठानं त्यांनी मंद्रातून जे काढायला घेतलं, ते तालमीत नव्हतं. पोरगा खालून स्वर हलवत गेला, गंधार दोनदा रंग बदलून आला, आणि अक्कांनी गज उचलताच बास सा-वर हजर. मग सवाल-जवाब. आठ आवर्तनं तुम्ही, आठ आम्ही. मग चार, दोन, एक. कर्नाटकी मैफलीत हे करतात आणि जाझच्या क्लबातही हेच करतात. शेवटी अर्धं आवर्तन, साडेतीन मात्रा, चौघं एकमेकांच्या तोंडात घास घातल्यासारखे. अण्णांची तिहाई. सम. पहिली मात्रा बासची होती, आणि ती एकट्या बासनं घेतली.

टाळ्या सहासात जणांच्या. आइस्क्रीम वाढणाऱ्या पोरानं डाव खाली ठेवून वाजवल्या. वाचकहो, लग्नात कोपऱ्यात चौघं वाजवताना दिसले तर खुर्ची तिकडे वळवून दहा मिनिटं बसा. त्यांना ते दिसतं. त्यानं त्यांचं पुढचं आवर्तन बदलतं.

9.20. संपलं. वाद्यं पुसली. रीड केसमध्ये. पंगतीत शेवटच्या फळीवर जेवण : बिसीबेळे भात, कोसंबरी, होळिगे. काकांना तिखट चालत नाही, ओठ झोंबतो. त्यांनी दहीभात घेतला.

10.05. हिशोब गाडीतच, मोबाइलच्या उजेडात. बिदागी 30,000. त्यातून गाडी 3,500, साऊंड 5,000, काम आणून देणाऱ्याचे दहा टक्के म्हणजे 3,000. उरले 18,500. प्रत्येकी 4,500. उरलेल्या पाचशेतून बॅटरी-पावडरचे 310 वळते, 190 ग्रुपच्या खात्यात. पण हातात आलेत पंधराच हजार. गाडी आणि साऊंड आजच द्यावे लागले. राहिलेल्या 6,500 मधून पोराचे 4,500 पुरे दिले, कारण त्याचा हप्ता उद्या आहे. दोन हजार काकांना. अक्का आणि अण्णांनी काही घेतलं नाही.

11.10. नंजुमळिगे. अण्णांनी तबला पिशवीतून काढून कपड्यात गुंडाळला, कपाटावर ठेवला. वहीत लिहिलं : येणे 15,000, सोमवार. काम आणणाऱ्याकडून मागच्या महिन्याचे बारा हजारही यायचे आहेत. ती ओळ वरच्या पानावर आहे, अजून खोडलेली नाही.