नाक्यावरचा क्रूस

मंचरहून घोडेगाव आणि तिथून डिंभे धरणाच्या कडेकडेने रस्ता भीमाशंकरला चढतो. तिथे देवळाच्या आवारात, शनिमंदिरासमोर, एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. नीट पाहिलं तर तिच्यावर मरिया आणि बाळ येशू दिसतात. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चच्या घंटा घाटावर आल्या. एक भीमाशंकरला लागली, एक वाईजवळच्या मेणवलीला, आणखी काही इतर देवळांत. आंबेगाव-जुन्नरच्या माणसाने लहानपणापासून या घंटेचा टोल ऐकलेला असतो. ती कोणत्या गावच्या लोकांना प्रार्थनेला बोलवत होती, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

२०२०च्या मार्चमध्ये कोविडच्या साथीमुळे भीमाशंकरचं दार बंद झालं. श्रावणातले सोमवार भाविकांविना गेले. ही घंटा जिथून आली त्या वसईतल्या चर्चची दारंही त्याच दिवसांत, त्याच सरकारी आदेशांनी बंद झाली. देऊळ बंद झाल्याची हकीकत आपल्याला ठाऊक आहे, आपल्या घरात ती घडली. चर्च बंद होणं म्हणजे काय, हे मराठी वाचकापर्यंत फारसं आलेलं नाही. वसईचे कॅथलिक मराठी बोलतात, मराठीत प्रार्थना करतात, केळी, भाजीपाला आणि फुलं पिकवतात. ती हकीकतही आपलीच आहे.

वसईत चर्च म्हणजे नुसती इमारत नाही. पापडी, नंदाखाल, सांडोर, माणिकपूर, गास, रमेदी, आगाशी ही धर्मग्रामांची नावं आहेत. धर्मग्राम म्हणजे एका चर्चभोवतीची वस्ती, तिची शाळा, तिची दफनभूमी, तिच्या नोंदवह्या, आणि प्रमुख धर्मगुरूपासून घरोघरी निरोप नेणाऱ्या बाईपर्यंतची सगळी माणसं. १७३९ नंतर पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले, तरी ही व्यवस्था मोडली नाही. इथल्याच मातीतल्या धर्मगुरूंनी आणि कुटुंबांनी ती चालवली. व्हॅटिकनच्या १९६२ ते १९६५ च्या महासभेनंतर लॅटिन जाऊन मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य सामूहिक उपासना, मराठीत आली. २२ मे १९९८ रोजी मुंबईपासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे पुढे २००९ मध्ये पुण्याचे बिशप झाले. त्यांनी तुकोबांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला आहे, म्हणजे घाट आणि किनारा यांच्यातला रस्ता एकतर्फी नाही.

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने राज्यात साथरोग कायदा लागू केला. कायदा १८९७चा. मुंबईत मांडवीला १८९६च्या सप्टेंबरात प्लेग सापडला आणि काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८९७ मध्ये, इंग्रज सरकारने हा कायदा घाईघाईने केला. जत्रा, यात्रा, गर्दी थांबवण्याचे आणि घरांत शिरून तपासण्याचे अधिकार त्याने दिले. पुण्यात याच प्लेगने सावित्रीबाई फुल्यांना नेलं, प्लेग अधिकारी रँडचा वध याच प्लेगच्या बंदोबस्तातून झाला. सव्वाशे वर्षांनी तोच कागद पुन्हा बाहेर आला. तेव्हा कॅथलिकांच्या ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचे दोन आठवडे सरले होते. २६ फेब्रुवारीला राखेचा बुधवार झाला होता, लोकांनी कपाळाला राख लावून घेतली होती, शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती चालू होती. कॅथलिकांचं सगळं वर्ष ज्या आठवड्याकडे चालत जातं तो पुढे होता, आणि २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली.

व्हॅटिकनने मार्चच्या उत्तरार्धात सूचना काढल्या. ईस्टर पुढे ढकलता येणार नाही, असं त्यात स्पष्ट होतं. आज्ञा गुरुवारी पाय धुण्याचा विधी गाळायचा. पवित्र शुक्रवारी क्रूसाचं चुंबन फक्त विधी चालवणाऱ्या धर्मगुरूने घ्यायचं, आणि त्या दिवशीच्या सार्वत्रिक प्रार्थनांत साथीसाठी एक प्रार्थना जोडायची. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार आला. त्याच रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटं दिवे लावले. वसईत सकाळी ज्यांच्या घरी वाडी होती त्यांना झावळी परसातच मिळाली, नालासोपारा-विरारच्या इमारतींत राहणाऱ्यांना कुठून मिळणार? ११ एप्रिलच्या रात्री पुनरुत्थानाची मोठी मेणबत्ती पेटली. दर वर्षी या मेणबत्तीवर त्या सालाचे आकडे घालतात. २०२०चे आकडे घातलेली मेणबत्ती धर्मगुरू आणि दोन-चार सहाय्यक यांच्यासमोर, रिकाम्या बाकांपुढे पेटली. समोर तिपाईवर मोबाइल होता.

मोबाइलबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आणि बरंचसं कौतुकाचंच. वृद्धांना घरबसल्या मिस्सा दिसली, दुबईतला मुलगा आणि गासची आई एकाच वेळी एकच प्रवचन ऐकत होते, हे खरं आहे. पण कॅथलिक मिस्सेच्या केंद्रस्थानी ऐकणं नाही, खाणं आहे. धर्मगुरू भाकर अर्पण करतो, ती ख्रिस्तशरीर होते असा विश्वास आहे, आणि ती जिभेवर किंवा तळहातावर घ्यायची असते. यालाच कम्युनियन म्हणतात. ते पडद्यातून येत नाही. म्हणून या काळात आध्यात्मिक कम्युनियनची प्रार्थना पुन्हा वर आली. प्रत्यक्ष घेता येत नाही तर इच्छेने घेतो, अशा अर्थाची ती प्रार्थना, अठराव्या शतकातले संत आल्फोन्सस लिगोरी यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. एरवी ती आजाऱ्यांसारख्या, चर्चला येऊ न शकणाऱ्यांच्या उपयोगाची. आता सगळा धर्मग्रामच आजाऱ्याच्या जागी बसला. मला यातली तहान महत्त्वाची वाटते. ज्या बाईने चाळीस वर्षं रोज पहाटेच्या मिस्सेला जाऊन कम्युनियन घेतलं, तिला आठ महिने पडद्यावर ती भाकर उचललेली दिसत होती आणि मिळत नव्हती. वारकऱ्याला पंढरीविना आषाढी जशी गेली, तशीच ही गत. त्या वर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, वारकरी घरी राहिले.

पापनिवेदनाचंही तेच. फोनवरून पापनिवेदन चर्चला मान्य नाही, माणूस समोर हवा. मरणाच्या दारातल्या कोविड रुग्णापाशी धर्मगुरू पोचू शकत नव्हता. २० मार्च २०२० रोजी व्हॅटिकनने रुग्णांसाठी, त्यांची सेवा करणाऱ्यांसाठी आणि घरच्यांसाठी विशेष दंडमुक्ती, म्हणजे पापांच्या शिक्षेतून सूट, जाहीर केली, गरज पडल्यास रुग्णालयाच्या दाराशी सामूहिक पापक्षमा देण्याची मुभाही दिली. एका आठवड्याने, २७ मार्चला, पोप फ्रान्सिस भर पावसात सेंट पीटर्सच्या रिकाम्या चौकात उभे राहिले. तिथे आणलेला लाकडी क्रूस १५२२च्या प्लेगात रोमच्या रस्त्यांतून मिरवलेला होता. वसईत अनेक घरांनी ते दृश्य पाहिलं, आणि जुन्या माणसांना त्यात काही परकं वाटण्याचं कारण नव्हतं. त्यांच्या नाक्यावरही क्रूस होताच.

हे नाक्यावरचे क्रूस हाच माझ्या मते या सगळ्या हकीकतीचा गाभा आहे. मुंबईत वांद्र्याच्या रानवारसारख्या जुन्या गावठाणांत आणि इतरत्रही दगडी क्रूस दिसतात. त्यातले बरेच प्लेगच्या वर्षांतले, पायथ्याशी साल कोरलेलं. लोक त्यांना प्लेगचे क्रूस म्हणूनच ओळखतात. कोणी आपलं घर वाचलं म्हणून नवस फेडला, कुठे पाखाडीने, म्हणजे वस्तीने, मिळून उभारला. गर्दी करायची नाही, चर्चपर्यंत जायचं नाही, अशा दिवसांत प्रार्थनेची जागा घराजवळ आणण्याचा तो उपाय होता. साथ गेली, क्रूस राहिले, आणि त्यांच्याभोवती एक लहानशी पूजापद्धत वाढली. मे महिन्यात संध्याकाळी गल्लीतली माणसं जमतात, क्रूसाला झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, मग रोझरी म्हणजे जपमाळ, आणि लितानी म्हणजे विनवण्यांची प्रार्थना. शेवटी उकडलेले हरभरे वाटतात. धर्मगुरू असलाच पाहिजे असं नाही. म्हातारी बाई प्रार्थना म्हणते आणि पोरं मागे म्हणतात. प्लेगात ज्यांचा धावा केला त्या संत रॉक आणि संत सेबास्टियन यांच्या तसबिरी अनेक घरांत असतात. रॉकच्या मांडीवर प्लेगची गाठ आणि शेजारी तोंडात भाकर धरलेला कुत्रा, हे चित्र मुलांच्या पक्कं लक्षात राहतं.

२०२०च्या मे महिन्यात या क्रूसांपुढेही जमता आलं नाही. संचारबंदी नाक्यावरही होती. तेव्हा रोझरी आणखी एक पायरी आत आली, ओटीवर, गॅलरीत, खिडकीत. पन्नासांवर मण्यांची ती माळ कॅथलिक घरांत रोज दिवेलागणीला म्हणण्याची चाल होती. शहरात, नोकरी आणि मालिकांच्या वेळात, ती सुटत चालली होती. टाळेबंदीने ती परत आणली. कोणत्या घरात कोण म्हणणार, कोणत्या कुटुंबात आजारी आहे, कोणाचं निधन झालं, हे सगळं लघु ख्रिस्ती समूहांच्या मोबाइल गटांवर फिरत होतं. पंधरा-वीस घरांचा एक समूह, त्याची एक प्रमुख, बहुतेक ठिकाणी बाईच. किराणा कोणाकडे संपला हे धर्मगुरूंना याच बायकांकडून कळत होतं. चर्चच्या मंडळांनी तांदूळ-डाळीची पाकिटं वाटली, ती कॅथलिकांपुरती ठेवली नाहीत. परप्रांतीय मजूर पायी निघाले होते, आणि वसई-नालासोपाऱ्याला ते हजारोंनी होते.

वसईच्या शेतकऱ्याला आणखी एक फटका बसला. मोगरा, जास्वंद, सोनचाफा ही वसईची फुलं दादरच्या बाजारातून मुंबईभरच्या देवळांत जातात. देवळं बंद, लग्नं बंद, दादरचा बाजार बंद. फुलं झाडावरच सुकली. कॅथलिक शेतकऱ्याचं घर हिंदू देवाच्या हारावर चालतं, हे एरवी कोणी बोलून दाखवत नाही. जुन्नर-आंबेगावच्या झेंडूवाल्याला मात्र ते समजावून सांगावं लागणार नाही.

सगळ्यात कठीण होतं दफन. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने परिपत्रक काढलं की कोविडने गेलेल्या प्रत्येकाचं, धर्म कोणताही असो, दहनच करायचं. ते त्याच दिवशी बदललं गेलं, पण भीती पसरायची ती पसरली. दफनभूमीशेजारचे लोक विरोध करू लागले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २२ मे रोजी न्यायालयाने सांगितलं की मृतदेहातून हा रोग पसरतो याला शास्त्रीय पुरावा नाही, आणि सन्मानाने अंत्यविधी हा माणसाचा हक्क आहे. चर्चने दहनाला १९६३ पासून मुभा दिली आहे. २०१६च्या सूचनेत फक्त राख पवित्र जागी ठेवावी, विखरू नये, असं म्हटलं. म्हणजे धर्मशास्त्राची अडचण नव्हती. अडचण मनाची होती. वसईत माणूस गेला की गाव लोटतं, शवपेटी चर्चमध्ये येते, मिस्सा होते, मग मूठ मूठ माती. त्या जागी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह, संरक्षक पोशाखात झाकलेली चार माणसं आणि कुंपणापलीकडे उभा मुलगा. २०२१च्या एप्रिलमध्ये हे रोजचंच झालं. त्याच महिन्यात २३ तारखेच्या पहाटे विरारच्या एका रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि डझनाहून अधिक रुग्ण गेले.

दारं उघडण्याची तारीखही दोनदा आली. केंद्राने ८ जून २०२० पासून प्रार्थनास्थळांना परवानगी दिली तरी महाराष्ट्राने ती दिली नाही. राज्यातली देवळं, मशिदी, चर्च उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. वांद्र्याची सप्टेंबरमधली मोतमाउलीची जत्रा तोवर रद्द होऊन गेली होती आणि गावठाणांतला ऑक्टोबरचा आगेरा, म्हणजे सुगीचा सणही, गर्दीविना गेला होता. पुढच्या वर्षी २८ मार्चपासून रात्रीची संचारबंदी लागली, त्यामुळे ईस्टरचा जागरविधी रात्री आठच्या आत उरकावा लागला. ४ एप्रिलला ईस्टर झाला आणि ५ तारखेला दारं पुन्हा बंद. ती कायमची उघडली ७ ऑक्टोबर २०२१ला, घटस्थापनेच्या दिवशी.

उघडल्यावर बाकांवर खुणा होत्या, दाराशी आशीर्वादित पाण्याचं पात्र कोरडं होतं, कम्युनियन फक्त हातात. शांतीचं अभिवादन मात्र बदलावं लागलं नाही. युरोपातल्या चर्चना हस्तांदोलन सोडून काय करायचं हा प्रश्न पडला. भारतातल्या कॅथलिकांना १९६९ मध्येच मिस्सेत हात जोडण्याची परवानगी मिळाली होती, आणि वसईत लोक कधीचे नमस्कारच करत होते.

प्लेगने मागे दगड ठेवले, कोविडने तसं काही ठेवलेलं नाही. पण प्रत्येक धर्मग्रामात मृत्यूंची नोंदवही असते. नाव, वय, तारीख, कुठे पुरलं, विधी कोणी केला. बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी ठेवण्याचा नियम सोळाव्या शतकातला, मृत्यूची नोंद पुढच्या शतकातली. २०२० आणि २०२१ची पानं प्रत्येक चर्चच्या कपाटात आहेत. धर्मगुरूंची बदली काही वर्षांनी होते, तेव्हा त्या पानांवर सही करणारे फादर आता दुसऱ्या गावी असतील. समूहाच्या प्रमुख बायका मात्र तिथेच आहेत. कोणाच्या घरी किराणा गेला, कोणत्या खिडकीतून रोझरी सुरू व्हायची, कुंपणाबाहेर कोण उभं होतं, हे त्यांना ठाऊक आहे. प्रत्येक धर्मग्रामाच्या मंडळाने एक वही घेऊन त्यांच्यासमोर बसावं, आणि हे काम या वर्षीच्या २ नोव्हेंबरच्या आत, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाआधी सुरू करावं. ज्या बाईने तेव्हा पंधरा घरं सांभाळली ती आज सत्तरीची आहे.