अमेरिकेतील संघ-न्यायालये : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

तालुक्याच्या दिवाणी कोर्टातला दावा जिल्ह्याला, तेथून उच्च न्यायालयात आणि अखेर दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात जाताना ज्याने पाहिला आहे, त्याची अमेरिकेतही न्यायाची अशीच एक सलग उतरंड असून राज्यांची न्यायालये संघ-न्यायालयांच्या ताबेदारीत असावीत, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु ती यथार्थ नव्हे. तेथे दोन न्यायसंस्था शेजारी-शेजारी नांदतात. घटस्फोट, वारसा, करारभंग, चोरी, खून अशी बहुसंख्य प्रकरणे राज्यांच्याच न्यायालयांत दाखल होतात आणि तेथेच निकालात निघतात. संघ-न्यायालयांचा अधिकार मर्यादित असून, राज्यघटना व संघाचे कायदे यांतून उद्भवणारे वाद, संघसरकार पक्षकार असलेले दावे आणि भिन्न राज्यांच्या नागरिकांमधील ७५,००० डॉलरांहून अधिक रकमेचे तंटे हेच मुख्यत्वे त्यांच्यापुढे येतात. या शेवटच्या प्रकारातही न्यायाधीश संघाचा असला तरी हक्क ठरवणारा कायदा सामान्यतः राज्याचाच असतो, हे १९३८ च्या ईरी रेलरोड खटल्याने निश्चित केले. आणि राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, याविषयी त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द अखेरचा मानला जातो. हा राज्यांचा मान मला त्या व्यवस्थेचा प्राण वाटतो.

संघाच्या सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश असावेत असे घटनेत लिहिले आहे, हाही एक भ्रमच. ती संख्या काँग्रेस, म्हणजे तेथील संसद, कायद्याने ठरवते. १७८९ मध्ये ती सहा होती, नऊ ठरली ती १८६९ मध्ये.

सर्वांत हानिकारक गैरसमज मात्र दाद मागण्याच्या हक्काविषयीचा आहे. संघाच्या ९४ जिल्हा न्यायालयांपैकी एखाद्यात हरलेल्या पक्षकाराला १३ अपील न्यायालयांपैकी योग्य त्या न्यायालयात सामान्यतः हक्काने जाता येते. परंतु त्यापुढची वाट १९२५ च्या कायद्यापासून बहुतांशी सर्वोच्च न्यायालयाच्या मर्जीवर अवलंबून आहे. नऊपैकी चार न्यायाधीश राजी झाले तरच प्रकरण सुनावणीस घेतले जाते, आणि दरसाल येणाऱ्या हजारो अर्जांतून हे भाग्य शंभराहूनही कमी प्रकरणांना लाभते. अर्ज नामंजूर झाला म्हणजे खालच्या निवाड्यावर पसंतीची मोहोर उमटली, असे मुळीच नव्हे. न्यायालयाने त्या प्रकरणात हात घातला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा वॉशिंग्टनहून आलेली अशी बातमी वाचताना ‘अर्ज नाकारला’ आणि ‘निकाल कायम केला’ या दोन शब्दप्रयोगांत वाचकांनी अवश्य भेद करावा.