अंगावरचे पित्त, पोटातले पित्त

कामथडीपासून वेल्ह्यातल्या शेवटच्या वाडीपर्यंत कुठेही विचारा. अंगावर लाल गांधी उठल्या की म्हणतात, ‘पित्त उठलंय’. छातीत जळजळ झाली, आंबट ढेकर आले, तरी ‘पित्तच’. आमच्या ओपीडीत दोन्ही प्रकारचे रुग्ण येतात. गांधीवाले बहुधा आमसुलाचे पाणी लावूनच आलेले असतात. खरे तर हे दोन वेगळे त्रास. गांधींचा यकृतातल्या पित्तरसाशी काही संबंध नाही आणि जठरातल्या आम्लाशीही नाही. गंमत म्हणजे दोन्हीकडे काम करणारे रसायन मात्र एकच आहे, हिस्टामिन.

डाळ, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांत हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल असते. त्यातून कार्बन डायऑक्साइडचा तुकडा निघाला की हिस्टामिन तयार होते. १९१० साली हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी त्याचे शरीरावरचे परिणाम मांडले. हे हिस्टामिन साठवतात मास्ट पेशी. पॉल एर्लिक यांनी १८७८ मध्ये त्यांचे वर्णन केले. कणांनी ठासून भरलेल्या या पेशी त्यांना खाऊन-पिऊन पुष्ट झालेल्या वाटल्या, म्हणून त्यांनी जर्मन भाषेतले हे नाव दिले. त्वचेखाली, नाकात, श्वासनलिकांत, आतड्यांत, म्हणजे बाहेरचे जग जिथे जिथे आपल्याला भिडते तिथे या पेशी पहाऱ्याला बसलेल्या असतात.

‘डॉक्टर, आजवर कितीदा मधमाशी चावली, कधी काही झालं नाही, मग आजच कसं?’ हा प्रश्न नेहमीचा. ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. त्या भेटीत शरीर फक्त आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते आणि ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढे कधीतरी तोच पदार्थ पुन्हा आला आणि शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना त्याने जोडले, की पेशीत कॅल्शियम शिरते आणि काही मिनिटांत कण रिकामे होतात. कधी प्रतिपिंडांचीही गरज लागत नाही. काहींना थंडीने, काहींना पट्टा घट्ट बसल्याने गांधी उठतात. मॉर्फिनसारखी औषधे आणि मधमाशीच्या विषातले काही घटक तर या पेशी थेट फोडतात.

बाहेर पडलेले हिस्टामिन काय करते? बारीक रक्तवाहिन्या फुगवते, म्हणून लाली. त्यांच्या अस्तराच्या पेशींमध्ये फटी पाडते, त्यातून रक्तातले पाणी झिरपते आणि गांध फुगते. मज्जातंतूंची टोके डिवचते, म्हणून खाज. श्वासनलिकांचे स्नायू आवळते. हे सगळे एच-१ नावाच्या कुलुपातून होते. जठरात मात्र कुलूप वेगळे, एच-२. तिथे किल्ली फिरली की आम्ल सुटते. म्हणून सेटिरिझिन गांधींवर चालते, पण जळजळीवर नाही, आणि जळजळीवरच्या फॅमोटिडिनने एकट्याने खाज थांबत नाही. मेंदूत हेच हिस्टामिन आपल्याला जागे ठेवते. जुन्या पद्धतीच्या ॲलर्जीच्या गोळ्या मेंदूपर्यंत पोचतात आणि झोप आणतात. कामथडी महामार्गावरचे गाव, म्हणून सांगतो: एव्हिल घेऊन कात्रज किंवा खंबाटकी घाटात गाडी घालू नका.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. राजगड-तोरण्याच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात. धुराने किंवा आरडाओरड्याने माश्या उठल्या तर एकेकाला शेकडो डंख होऊ शकतात. ॲलर्जी असलेल्याला मात्र एकच डंख पुरतो. अशा वेळी सगळ्या शरीरातल्या मास्ट पेशी एकदम फुटतात. जी गळती एका गांधीत होते, तीच सर्वांगात होते, रक्तदाब कोसळतो आणि घसा सुजून श्वास अडतो. गांधींबरोबर आवाज बसणे, छातीत घरघर, उलट्या, चक्कर यांतले काहीही दिसले तर ती साधी ॲलर्जी नव्हे, ॲनाफिलॅक्सिस समजा.

इथे लोक, आणि दुर्दैवाने काही डॉक्टरही, आधी एव्हिलचे इंजेक्शन शोधतात. एव्हिल फक्त एच-१ चे कुलूप अडवते. उघडलेल्या फटी त्याने लगेच मिटत नाहीत, रक्तदाब चढत नाही, आणि मास्ट पेशींतून बाहेर पडलेल्या इतर रसायनांवर त्याचा इलाज नाही. ते काम ॲड्रेनॅलिनचे. ते रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका मोकळ्या करते, मास्ट पेशींनाही आवर घालते. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. अगदी स्वस्त औषध आहे. वाट्टेल तेवढे स्टेरॉइड दिले तरी ते या वेळेत पोचत नाही. त्वचेत रुतलेली नांगी नखाने खरवडून लगेच काढा. कशाने काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचे. रुग्णाला आडवे झोपवा, पाय उंच ठेवा, चालवत नेऊ नका. धाप लागत असेल तर बसू द्या, पण उभे करू नका. १०८ ला फोन करा. बरे वाटले तरी काही तास रुग्णालयात थांबवावे, कारण त्रास दुसऱ्यांदा उलटू शकतो.

भातखाचरात साप चावल्यावर जी लस देतात ती घोड्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपासून बनते, त्यामुळे तिचीही अशीच प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून लस चालू असताना ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवतात. प्रतिक्रियेच्या भीतीने लस नाकारू नये.

खाज आली की हिस्टामिनच, असेही नाही. रानातली खाजकुयली अंगाला लागली तर तिच्या कुसांतले म्युकुनेन हे एन्झाइम वेगळ्या वाटेने मज्जातंतू चेतवते, तिथे एव्हिलचा फारसा उपयोग नाही. विंचवाचेही तसेच. वरंध घाट उतरले की महाड. तिथल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर आयुष्यभर काम केले. त्या विषाने शरीराचेच ॲड्रेनॅलिन आणि त्याच्या जातीची रसायने बेसुमार सुटतात, हृदय थकते, फुप्फुसात पाणी होते. तिथे रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिनची गोळी जीव वाचवते. घाम, गार पडलेले हातपाय आणि विंचवाचा डंख अशी तक्रार घेऊन कोणी आले, तर एव्हिल देऊन घरी पाठवणे धोक्याचे आहे.