परसातील ओट्यावर दिव्यांची माळ

तेरणा साखर कारखान्यामुळे आणि लातूर–कुर्डुवाडी रेल्वेमार्गामुळे परिचित असलेल्या ढोकीसारख्या गावात व्यापारी घराची रचना सहसा ठरलेली असते. रस्त्याकडे दुकान, मध्ये राहते घर आणि मागे परस. पूर्वी या परसात जळण, रिकामी पोती आणि तेलाचे डबे रचून ठेवलेले असत. अलीकडे तेथे फरशीचा, क्वचित लाकडी पट्ट्यांचा ओटा बांधला जातो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकलेले असते, दुकानाची वर्दळ ओसरलेली असते, आणि दिवसभरात एकमेकांशी धड न बोललेली घरची मंडळी तेथे तासभर निवांत बसतात. या ओट्यावर दिव्यांची माळ बारा महिने लावावी, ही तरुण पिढीची हौस आता घरोघरी दिसू लागली आहे.

जैन घराला दीपमाळ परकी नाही. भगवान महावीरांच्या निर्वाणाच्या रात्री, ज्ञानाचा प्रकाश मावळला म्हणून काशी-कोसलच्या अठरा गणराजांनी दिवे उजळले, असे कल्पसूत्र सांगते. आचार्य जिनसेनांच्या शके 705 मधील हरिवंशपुराणात दीपालिकेचा उल्लेख येतो. मात्र ती एका रात्रीची दीपमाळ आणि वर्षभर टांगलेली विजेची माळ यांत मोठे अंतर आहे, आणि घरातील वडीलधाऱ्यांची हरकत नेमकी तेथेच असते. दिवा म्हटला की पतंग आला. रात्रिभोजनत्यागाचे समर्थन करताना आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हेच कारण दिले आहे: दिवा लावला तरी अन्नात पडणाऱ्या सूक्ष्म जीवांची हिंसा टळत नाही. मग जेवण उजेडी उरकून पुढे तीन तास त्याच जीवांना दिव्याकडे बोलावायचे, यात कसली अहिंसा, असा आजोबांचा प्रश्न असतो. त्याला हौसेने उत्तर देता येत नाही. दिव्यांच्या निवडीने मात्र बरेचसे देता येते.

निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज बाजारातील पांढरा एलईडी बहुधा याच निळ्या प्रकाशावर पिवळ्या रसायनाचा थर देऊन तयार होतो. बहुतेक निशाचर कीटकांची दृष्टी निळ्या आणि अतिनील किरणांना अधिक संवेदनशील असते; म्हणून दुकानातील लख्ख पांढऱ्या दिव्याभोवती किड्यांचे मोहोळ उठते. खोक्यावर ‘केल्विन’ या मापात रंगछटा लिहिलेली असते. 6500 म्हणजे निळसर पांढरा, 2700 म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, आणि 2200 म्हणजे जवळजवळ समईच्या ज्योतीचा रंग. ओट्यासाठी 2200 चीच माळ घ्यावी. तिच्यावर किडे येतच नाहीत असे नव्हे, परंतु पुष्कळ कमी येतात. शिवाय तारेच्या जुन्या बल्बची काच चटका बसण्याइतकी तापते आणि आपटलेला पतंग तेथेच मरतो. एलईडीची काच तितकी तापत नाही. रंगीत, लुकलुकणाऱ्या माळा स्वस्त मिळतात. त्या दिवाळीला ठीक, रोजच्या बसण्याच्या जागी त्या डोळ्यांना त्रासच देतात.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. तीस फुटांच्या माळेत दोन-दोन फुटांवर एक याप्रमाणे पंधरा दिवे धरावेत. प्रत्येकी एक वॅटचे एलईडी रोज तीन तास लावल्यास तीस दिवसांत 1.35 युनिट वीज लागते. तेच दिवे पंधरा वॅटचे जुने बल्ब असते, तर 20.25 युनिट लागली असती. म्हणून माळ घेताना शंभर-दोनशे रुपयांची घासाघीस करण्यापेक्षा ती किती वर्षे टिकेल हे पाहावे. त्यासाठी खोक्यावरील ‘आयपी’ हा आकडा वाचावा. त्यातील पहिला अंक धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवतो. 44 असेल तर माळ नुसते शिंतोडे सोसते. उघड्या ओट्याला 65 हवी. दिव्याला पाणी अडवणारी रबरी चकती आहे ना, हे दुकानातच एक दिवा फिरवून पाहावे. एक दिवा गेला की सगळी माळ विझते, असली जुन्या पद्धतीची जोडणी घेऊच नये.

खरी निष्काळजी दिसते ती माळ टांगताना. नुसती वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणली की वजन वायरवर येते, वाऱ्याने ती हेलकावते आणि जोडाशी उघडी पडते. त्याऐवजी आधी गंज न धरणारी पोलादी तार ताणावी, एका टोकाला ताण कमी-जास्त करणारा टर्नबकल लावावा, आणि माळ त्या तारेवर पट्ट्यांनी अडकवावी. परसातील कडुनिंबाला खिळे ठोकण्याची पद्धत सोडून द्यावी. वनस्पतिकायाचा विचार करणाऱ्या घरात तर ती शोभतही नाही. काँक्रीटमध्ये रोवलेले दोन लोखंडी पाइप पुरतात. पाइप उभे करताना मात्र डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारांकडे पाहावे. त्या जवळ असतील तर जागाच बदलावी. माळ जमिनीपासून आठ-नऊ फूट उंच असावी, म्हणजे हात उंचावला तरी लागत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिच्यावर सहसा कोणी पैसा खर्च करत नाही. घरात एमसीबी आहे, आता धोका नाही, अशी अनेकांची समजूत असते. एमसीबी वायर तापू नये म्हणून असते. सहा अँपिअरची एमसीबी सहा अँपिअरहून अधिक प्रवाह वाहिल्याखेरीज पडत नाही; माणसाचा जीव मात्र त्याच्या काही शतांशाइतक्या प्रवाहानेही जाऊ शकतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसासाठी 30 मिलिॲम्पिअरची आरसीसीबी लागते. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत तेवढा फरक पडताच ती क्षणार्धात वीज तोडते. तिच्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. जोडीला पक्के अर्थिंग असावे आणि बाहेरचा सॉकेट झाकणाचा असावा. सॉकेटकडे येणारी वायर आधी खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे पावसाचे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकते, सॉकेटात शिरत नाही. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. दुकानातील हरकाम्या पोराला शिडीवर चढवून मजुरी वाचवू नये. पडला किंवा चिकटला तर तो कोणाचा तरी मुलगा आहे.

विजेचा प्रकाश सचित्त की अचित्त, याविषयी आपल्या समाजात मतभेद आहेत आणि साधु-संतांच्या आचारातही तो फरक दिसतो. हा वाद ओट्यावर बसून मिटणारा नाही. परंतु दोन्ही मतांच्या घरांना मान्य होईल अशी मर्यादा घालता येते. माळेचे बटण घराच्या आत, मागील दाराशेजारी ठेवावे आणि शेवटी उठणाऱ्याने ते बंद करावे. विसराळू घरात टायमर लावावा. पहिला पाऊस पडला की पंखांच्या वाळवीचे थवे निघतात, आणि पुढे आश्विनापर्यंत भोवतालच्या सोयाबीनच्या रानातून संध्याकाळी किडे येतच राहतात. चातुर्मासात तर माळ उतरवून, पुसून, गोल गुंडाळून कपाटात ठेवणेच बरे. निर्वाणदिनाच्या चार दिवस आधी ती बाहेर काढावी, प्रत्येक दिवा आणि जोड तपासावा, कुठे उंदराने वायर कुरतडली नाही ना हे पाहावे, आणि मगच तारेवर चढवावी.