इंजिन गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढू नका

खरिपात रेवदंडा, चौल परिसरात चिखलणीसाठी ट्रॅक्टर दिवसभर चालतो. भाताची रोपे साधारण २१ ते २५ दिवसांची असताना लावावीत. ट्रॅक्टर गॅरेजमध्ये अडकला तर लावणी लांबते, रोपे वयस्क होतात आणि फुटवे कमी येतात. इंजिन तापू लागले की ‘थर्मोस्टॅट काढून टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. तो सहसा महागात पडतो.

थर्मोस्टॅटचे काम

थर्मोस्टॅट ही इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधील आपोआप उघडणारी झडप आहे. तिच्यात मेण भरलेली धातूची कुपी असते. इंजिन थंड असताना झडप बंद राहते, त्यामुळे पाणी इंजिनातच फिरून लवकर तापते. बहुतेक इंजिनांत ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाते.

बिघाडाची लक्षणे

- झडप बंद अडकल्यास : तापमानाचा काटा झपाट्याने चढतो, रेडिएटर मात्र तुलनेने गार राहतो. हेड गॅस्केट जाण्याचा धोका असतो.
- झडप उघडी अडकल्यास : काटा खालीच राहतो. इंधन नीट जळत नाही, धूर व खप वाढतो. न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरून ते पातळ होते, रिंग व सिलिंडर झिजतात.

थर्मोस्टॅट काढल्यास हेच दुसरे नुकसान रोज होते. शिवाय काही इंजिनांत बायपासचा मार्ग कायम उघडा राहतो. गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येते आणि ओझ्याखाली इंजिन उलट जास्त तापते.

पाणी कोणते भरावे?

खाडीलगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. असे पाणी आपण सुपारीला देताना विचार करतो, रेडिएटरमध्ये मात्र बिनदिक्कत ओततो. क्षारांमुळे गंज व खपली धरते आणि झडप अडकते. कंपनीने सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये योग्य प्रमाणात मिसळून वापरावे.

तपासणी

१. प्रथम पाण्याची पातळी, फॅन बेल्ट आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल, काडीकचरा पाहावा.
२. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडावे.
३. काढलेला थर्मोस्टॅट दोरीने पातेल्यातील पाण्यात लटकता ठेवून पाणी तापवावे. झडपेवर कोरलेल्या तापमानाच्या आसपास ती उघडली पाहिजे आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटली पाहिजे.
४. बदलताना त्याच अंशाचा थर्मोस्टॅट नव्या पॅकिंगसह बसवावा.

उघड्या टाकीत पाणी भरून चालणाऱ्या लहान सिंगल सिलिंडर इंजिनांत सहसा थर्मोस्टॅट नसतो. तिथे पाण्याची पातळी राखणे हेच महत्त्वाचे. ट्रॅक्टर व पिकअपची ही तपासणी मे महिन्यातच उरकून घ्यावी. नव्या थर्मोस्टॅटचा खर्च हेडच्या कामापुढे किरकोळ असतो.