जेवण नाकारण्याचा गुन्हा

मुलाचे प्रगतिपुस्तक खराब निघाले की वडील त्याचे ‘कोर्ट मार्शल’ करतात, आणि वडिलांना घरी यावयास रात्रीचे बारा वाजले की तेच काम आई करते. हा शब्द आपल्याकडे इतका घरगुती झाला आहे की, त्यामागे खरेखुरे न्यायासन असते आणि तेथल्या निकालाने माणसाची भाकरी जाते, याचा आपल्याला विसरच पडतो. मी पडलो भाषेचा मास्तर. शब्दाच्या मागे लागलो आणि निकालपत्रांत गुंतलो. त्यांतला एक खटला काही केल्या मनातून जात नाही.

सैनिकाचा प्रत्येक गुन्हा लष्करी कोर्टात चालतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. मुंबईत १९५९ साली गाजलेल्या नानावटी खटल्यातला आरोपी नौदलातला कमांडर. पण त्याचा खटला सेशन्स कोर्टात ज्यूरीपुढे चालला. भूदलाचा शिपाई युद्धसेवेवर, परदेशी किंवा सरहद्दीच्या ठाण्यावर नसेल, तर मुलकी माणसाच्या खुनाबद्दल त्याचा न्यायही मुलकी कोर्टच करते. पलटणीच्या शिस्तीचा मामला मात्र पलटणीतच मिटतो.

असा मामला १९८५ च्या मे महिन्यात घडला. कायद्याच्या पुस्तकांत तो ‘रणजित ठाकूर खटला’ म्हणून ओळखला जातो. सिग्नल रेजिमेंटमधल्या या जवानाने आपल्या कमांडिंग ऑफिसरच्या जाचाविरुद्ध थेट वरिष्ठांकडे अर्ज धाडला. पायरी सोडून अर्ज केला म्हणून त्याच कमांडिंग ऑफिसरने त्याला अठ्ठावीस दिवसांची सक्तमजुरी दिली. कोठडीत असताना २९ मे रोजी त्याला हुकूम झाला, “जेव!” तो जेवला नाही. झाले! कायदेशीर हुकूम मोडल्याचा आरोप आला आणि दुसऱ्याच दिवशी ‘समरी कोर्ट मार्शल’ बसले. एक वर्षाची सक्तमजुरी, नोकरीतून बडतर्फी, आणि वर पुढे मुलकी नोकरीसही अपात्र!

पानावरून उठू नये, असे आमच्याही घरी मुलांना बजावतात. पण त्यासाठी वर्षाचा तुरुंग?

हे समरी कोर्ट म्हणजे एकटा कमांडिंग ऑफिसर. आणखी दोघे अधिकारी हजर असतात, पण त्यांना ना शपथ, ना मत. निकालाला कोणाची मंजुरी लागत नाही. शिक्षा तत्काळ अमलात येते. आणि या खटल्यात तर ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच न्यायाधीश! न्यायासनावरील माणसाबद्दल तुझा काही आक्षेप आहे काय, असे आरोपीला विचारल्याची नोंदसुद्धा दप्तरात नव्हती. न्यायाधीश स्वतःला निःपक्षपाती मानतो की नाही याला महत्त्व नाही, समोरच्याला त्याची रास्त धास्ती वाटते की नाही हे पाहावयाचे, असे सांगून सुप्रीम कोर्टाने १९८७ च्या ऑक्टोबरात शिक्षा रद्द केली आणि जवानाला पगारासह नोकरीवर परत घेतले.

सुप्रीम कोर्टापर्यंत किती जवान पोचणार? लष्करी निकालावर अपिलाची सोय नाही, ही खंत त्याच कोर्टाने १९८२ मध्ये बोलून दाखविली होती. संसदेने कायदा केला तो २००७ साली, आणि सशस्त्र दल न्यायाधिकरण प्रत्यक्ष सुरू झाले २००९ मध्ये. मुंबईतही त्याचे एक पीठ आहे. या न्यायाधिकरणाच्या निकालावर हायकोर्टात दाद मागता येते, हेही २०२३ साली स्पष्ट झाले. तत्पूर्वी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावले होते की, समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे. तातडी असेल तरच ते बसवावे आणि तातडीची कारणे दिसली पाहिजेत.

मुलकी कोर्टांचा कायदा १ जुलै २०२४ पासून नवा झाला. झडतीचे चित्रीकरण आले, सेशन्समध्ये युक्तिवाद संपल्यावर तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल द्यावा असे बंधन आले. क्वार्टर गार्डच्या कोठडीत यातले काहीच पोचत नाही. कोर्ट मार्शलने निकालाची कारणे लिहिलीच पाहिजेत असे नाही, हा १९९० चा निर्णय आहे.

बर्फातल्या चौकीवर सेशन्स कोर्ट भरविता येणार नाही, हे मलाही कळते. तेथे हुकूम म्हणजे हुकूमच. पण आपल्या नौदलात आणि हवाईदलात समरी कोर्ट मार्शल मुळीच नाही. म्हणून तेथली शिस्त ढासळली, असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

शिवाय न्यायाधिकरणाचे दारही अर्धेच उघडे आहे. समरी कोर्टाने बडतर्फ केले किंवा तीन महिन्यांहून अधिक कैद दिली, तरच तेथे जाता येते. ज्याला अडीच महिने कैद झाली आणि ज्याची नोकरी टिकली, त्याने एक तर वरिष्ठांकडेच अर्ज करावयाचा, नाही तर सुट्टीत गावी आल्यावर हायकोर्टाचा वकील गाठावयाचा; आणि त्याची फी भरावयाची ती जवानाच्या पगारातून.